दर वर्षी तीच बॅटरी का बसते? बोटीवरच्या २४ व्होल्टच्या जोडीची भानगड

गेल्या तीन वर्षांत आमच्या काकांच्या बोटीवर तीन बॅटऱ्या बदलून झाल्यात. चौथ्यांदा फोन आला तेव्हा पहिल्याच वर्षी विचारायला हवा होता तो प्रश्न मी विचारला, की काका, दोन्ही बसल्या का एकच?

"एकच रे. चुलीकडची."

आणि मागच्या वर्षी कुठली बसलेली?

जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "ती पण चुलीकडचीच."

आता माल खराब असता तर कधी ही गेली असती, कधी ती. दर वेळी एकाच जागेवरची जाते म्हणजे दोष बॅटरीत नाही, त्या जागेत आहे. तिन्ही बॅटऱ्या काही एका कंपनीच्या नव्हत्या, दुकानं पण वेगळी, तरी प्रत्येक वेळी वायरमनचा निकाल एकच की "आजकाल प्लेटाच हलक्या टाकतात", आणि काकांनी पैसे मोजले. मी दिवसभर लोकांचे यूपीएस दुरुस्त करतो, बॅटऱ्यांशिवाय दुसरं काही हातात नसतं, आणि घरच्या बोटीवर मात्र तीन वर्षं मीटर घेऊन चढलो नव्हतो, त्यामुळे मला पण फार बोलायला तोंड नाही.

बोट वेसाव्याची, म्हणजे मुंबईतल्या वर्सोव्याची, डोलीची. डोलीचं जाळं पाण्याच्या ओढीत बांधून ठेवायचं आणि पाणी फिरेपर्यंत थांबायचं, म्हणजे ट्रॉलरसारखं इंजिन सतत चालू नसतं. नांगरावर तासन् तास इंजिन बंद पण दिवे चालू, वायरलेस चालू, जीपीएस चालू. सगळी मेख इथेच आहे, पण त्याकडे मागून येतो. इंजिन सहा सिलिंडरचं डिझेल, सेल्फ, म्हणजे इंजिन चालू करणारी मोटर, २४ व्होल्टचा, म्हणून १२ व्होल्ट १५० एएचच्या (एएच म्हणजे अँपिअर गुणिले तास, बॅटरीत किती मावतं त्याचं माप) दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये. एकीची मायनस इंजिनच्या ब्लॉकला, ती चुलीकडची. दुसरीची प्लस सेल्फला, ती सुकाणूकडची. मधे दोघींना जोडणारी एक जाड केबल.

हात लावायच्या आधी दोन गोष्टी. अंगठी, कडं, चेन काढून ठेवा, पान्याबरोबर अंगठी टर्मिनलला टेकली तर बोट भाजतं आणि ते थोडक्यात भाजत नाही. आणि इंजिनरूमची झाकणं उघडून वारा खेळू द्या, चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, हवेत तो ४ टक्के झाला की ठिणगीवर पेटतो, त्यामुळे खाली कोणी बिडी घेऊन उतरायचं नाही. केबल काढताना आधी मायनस, लावताना मायनस शेवटी.

पहिलं काम मीटरचं नाहीच, डोळ्यांचं आहे. एकेका बॅटरीत सहा सेल, म्हणजे कप्पे, प्रत्येकाला एक झाकण, ती बाराच्या बारा उघडली. चुलीकडचीत पाणी छान, प्लेटांच्या वर बोटभर. सुकाणूकडचीत प्लेटा उघड्या पडलेल्या, आणि तिच्यावर वाकलो तर कुजलेल्या अंड्याचा हलका वास. तिला पाणी कधी टाकलं विचारलं तर खलाशी म्हणाला, "दर महिन्याला टाकतो भाऊ, हीच पिते, ती पितच नाय." दीड लिटर डिस्टिल वॉटर गेलं त्या दिवशी एकट्या सुकाणूकडचीत. बरं, बसत होती चुलीकडची. पाणी पीत होती दुसरीच. हे दोन वेगळे प्रॉब्लेम वाटतात पण एकाच प्रॉब्लेमची दोन टोकं आहेत, एक बॅटरी उपाशी आणि एकीला अजीर्ण.

मग मीटर. जवळजवळ सगळे इथे चुकतात, मीटर दोन्ही बॅटऱ्यांच्या बाहेरच्या टोकांना लावतात. मी पण तसाच लावून बघितला, २४.७ आला, वाईट नाही असं कोणी पण म्हणेल. आता प्रत्येकीचा वेगळा घ्या. चुलीकडची १२.०५. सुकाणूकडची १२.६६. बेरीज बरोबर, पण एक अर्ध्याहून खाली आणि एक पूर्ण भरलेली. २४ चा आकडा हे सगळं पोटात घालतो. बोट रात्रभर उभी असताना, सगळं बंद ठेवून हे रीडिंग घ्यायचं, इंजिन बंद केल्या केल्या घेतलं तर वरवरचा चार्ज दिसतो आणि फसगत होते. घाई असेल तर पाच मिनिटं मोठे दिवे लावा, बंद करा, थोडा वेळ थांबा, मग बघा.

ग्रॅव्हिटी, म्हणजे आतलं ॲसिड पाण्याच्या किती पट जड आहे, ते बघायला हायड्रोमीटर हवाच, बॅटरीच्या कुठल्या पण दुकानात मिळतो आणि बॅटरीपुढे त्याची किंमत काहीच नाही. पूर्ण चार्ज बॅटरीची ग्रॅव्हिटी कंपनीप्रमाणे १.२४ ते १.२८ असते, आपल्याकडच्या गरमीसाठी बनवलेल्या काही बॅटऱ्यांत मुद्दाम पातळ ॲसिड भरतात, म्हणून वॉरंटी कार्डावर काय लिहिलंय ते आधी वाचा, नाहीतर धडधाकट बॅटरीला आजारी ठरवाल. एक सोपा हिशोब सांगतो, ग्रॅव्हिटीत ०.८४ मिळवा आणि ६ ने गुणा, आराम केलेल्या १२ व्होल्टच्या बॅटरीचा व्होल्टेज आला. चुलीकडचीचे सहाही सेल १.१६ ते १.१८ मधे होते, १.१७ अधिक ०.८४ म्हणजे २.०१, गुणिले ६, १२.०६. मीटर १२.०५ दाखवत होता. म्हणजे मीटर पण खरा बोलतोय, हायड्रोमीटर पण. सहाही सेल सारखेच खाली आहेत म्हणजे ती बॅटरी नुसती उपाशी आहे. पाच सेल १.२५ आणि एक १.१५ असा असता तर तो सेल गेलेला समजायचं, सेलासेलात ०.०३ ते ०.०५ पेक्षा जास्त फरक आला की कान टवकारायचे. सेल पूर्ण शॉर्ट झाला असेल तर बॅटरी साडेदहाच्या आसपास अडकते, कितीही चार्ज करा.

नुकतं पाणी टाकलेल्या बॅटरीची ग्रॅव्हिटी लगेच घेऊ नका, पाणी वर तरंगतं आणि ॲसिड खाली, रीडिंग खोटं येतं. आधी चार्ज करा, ढवळून निघू दे, मग घ्या. इंजिनरूम तापलेली असेल तर २७ डिग्रीच्या वर दर १० डिग्रीला साधारण ०.००७ मिळवायचे.

आता खरी गंमत. इंजिन चालू करायला लावलं, तासभर चालू दिलं, आणि पुन्हा एकेकीचा व्होल्टेज घेतला. बाहेरच्या टोकांना २८.३. डायनामो एकदम ठणठणीत, रेग्युलेटर बरोबर. पण सुकाणूकडचीवर १५.१ आणि चुलीकडचीवर १३.२. १२ व्होल्टच्या बॅटरीला चार्ज होताना १४.२-१४.४ हवे असतात. एकीला फार जास्त, एकीला फार कमी. काका मीटरकडे बघत होते, म्हणाले "हे मीटर बिघडलंय तुझं." मी दुसरा मीटर लावला.

कारण शोधायला पाच मिनिटं पण लागली नाहीत. दोघींना जोडणाऱ्या मधल्या केबलच्या लगवर, म्हणजे टोकाला बसवलेल्या धातूच्या कडीवर, एक बारीक लाल वायर आवळलेली, ती वर केबिनमधे जाते. म्हणजे १२ व्होल्टचं सगळं सामान, वायरलेस, जीपीएस, केबिनचे दिवे, मोबाईलचे चार्जर, आणि नारळी पौर्णिमेला मोठ्या हौसेने बसवलेला ॲम्प्लिफायर, एकट्या चुलीकडचीच्या जिवावर चाललंय. बोट २४ ची, सामान १२ चं, मग मधून एक वायर काढली की झालं काम, असं डोकं ज्याने चालवलं त्याला मी वाईट म्हणत नाही, ट्रकवाले पण हेच करतात. पण हिशोब बघा. नांगरावर रात्रीचं सगळं मिळून ६ अँपिअर, आठ तास, म्हणजे ४८ एएच, दीडशेच्या बॅटरीतला जवळपास तिसरा हिस्सा एकीतून गेला आणि दुसरीतून काहीच नाही. सकाळी इंजिन चालू केलं की सिरीजमधे दोघींमधून करंट सारखाच जातो. सुकाणूकडची आधीच भरलेली, ती लगेच फुगते, तिचा व्होल्टेज पंधराच्या वर चढतो. रेग्युलेटरला फक्त बेरीज दिसते, २८ च्या वर गेलं की त्याला वाटतं दोन्ही भरल्या आणि तो करंट कमी करतो. चुलीकडची अर्ध्यावरच राहते. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच.

अर्धी रिकामी लेड ॲसिड बॅटरी तशीच पडून राहिली की प्लेटांवर लेड सल्फेटचे खडे धरतात. चार्ज कमी झाल्यावर सल्फेट तयार होणारच, ताजं असताना ते चार्जिंगला विरघळतं, पण आठवडेच्या आठवडे राहिलं की घट्ट होतं आणि मग जात नाही. तेवढी प्लेट कामातून गेली, तेवढी कपॅसिटी गेली. बॅटरी "धरत नाही" म्हणतात ते हेच. आणि सुकाणूकडचीला दर दिवशी जादा चार्ज, तिचं पाणी उकळून जातंय. म्हणून खलाशी दर महिन्याला तिला पाणी पाजत होता आणि काका दर वर्षी दुसरी बदलत होते.

कपॅसिटी खरंच किती उरली हे व्होल्टेज सांगत नाही, ग्रॅव्हिटी पण पूर्ण सांगत नाही. भरलेली बॅटरी १२.७ दाखवेल आणि दोन तासांत झोपेल. त्याला एकच उपाय, मोजून रिकामी करणे. बॅटरीवर लिहिलेले एएच बहुतेक वेळा २० तासांच्या हिशोबाचे असतात, म्हणजे १५० ला २० ने भागा, साडेसात अँपिअर. गाडीच्या हेडलाइटचा ६० वॅटचा एक बल्ब आणि ३५ चा एक, मिळून साडेसात-आठ अँपिअर खेचतात, क्लॅम्प मीटरने बघून घ्या, तो डीसी मोजणारा हवा, साधा एसीचा इथे शून्य दाखवतो. दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या १२ व्होल्टच्या चार्जरवर पूर्ण भरल्या, रात्रभर ठेवल्या, आणि पहाटे पाचला बल्ब लावले. दर तासाला व्होल्टेज वहीत. १०.५ ला आला की थांबायचं, त्याच्या खाली एक मिनिट पण न्यायचं नाही आणि लगेच चार्जिंगला लावायचं. चुलीकडची सकाळी अकराला संपली, सहा तास, म्हणजे साधारण ४५ एएच, तीस टक्के. सुकाणूकडची संध्याकाळी सातपर्यंत चालली, १०५, सत्तर टक्के. काकी दोनदा विचारून गेली की दिवसाढवळ्या दिवे कशाला लावलेत. ही टेस्ट वर्षातून एकदाच करायची, दर महिन्याला केली तर टेस्टनेच बॅटरी माराल. ८० टक्क्यांच्या खाली गेली की बदलायची तयारी करायची असा दंडक आहे, बोटीवर लोक त्याच्या पुष्कळ खाली ओढतात, ओढा, पण मग रात्री पाण्यात सेल्फने नुसतं टिक केलं तर बॅटरीला शिव्या घालू नका.

चुलीकडचीला वाचवायचा प्रयत्न केला मी. साडेसात अँपिअरच्या आतल्या करंटवर एकटीला दोन दिवस चार्ज, तासातासाच्या तीन रीडिंगमधे ग्रॅव्हिटी हलायची थांबेपर्यंत. १.२० च्या वर गेली नाही. महिन्या-दोन महिन्यांचा सल्फेट असता तर कदाचित गेली असती. बाजारात पल्सवाली डबडी मिळतात सल्फेट काढायची, माझा त्यांच्यावर विश्वास नाही, मेलेली बॅटरी त्यांनी उठलेली मी तरी बघितली नाही. आणि ग्रॅव्हिटी वाढत नाही म्हणून वरून ॲसिड ओतणारे पण आहेत. ते अजिबात नको. ॲसिड उडून जात नाही, पाणी उडतं, म्हणून डिस्टिल पाणीच टाकायचं. नळाचं नाही, आणि समुद्राचं पाणी बॅटरीत शिरलं तर क्लोरीन निघतो, तिथे उभं पण राहू नका.

इलाज तसा साधाच. लॅमिंग्टन रोडवरून २४ चे १२ करणारा २० अँपिअरचा कन्व्हर्टर आणला, त्याचं इनपुट दोन्ही बॅटऱ्यांच्या बाहेरच्या टोकांवरून फ्यूज लावून घेतलं, आता १२ चं सगळं सामान दोघींवर सारखं बसतं. वायरलेस बोलताना ५-६ अँपिअर घेतो म्हणून १० चा कन्व्हर्टर घेऊ नका, कायम कुंथत राहील. मधली लाल वायर उपटून टाकली. वायरिंगला लोहार चाळीतून कलई केलेल्या तारेची केबल आणली, खाऱ्या हवेत साधी तांब्याची तार इन्सुलेशनच्या आतून हिरवी होत जाते, बाहेरून कळत पण नाही.

बॅटऱ्या दोन्ही एकदम बदलल्या, एकाच कंपनीच्या, एकाच महिन्याच्या. यावर भांडण झालं. "सत्तर टक्के आहे म्हणतोस आणि फेकायला सांगतोस?" फेकायला कोण सांगतंय, पण नवीनबरोबर सिरीजमधे जुनी लावली की पुन्हा तोच प्रकार, जुनी आधी भरते, आधी संपते, नवीन तिच्यामागे फरफटते. जुनी आता जाळी विणायच्या शेडमधे दिवा पेटवते, सुखात आहे. जागांची अदलाबदल करत राहायची असा पण सल्ला मिळतो, त्याने दोन्ही सारख्या मरतात एवढंच.

सगळ्यांच्याच बोटीवर मधली वायर असेल असं नाही, म्हणून बाकीचं भराभर. दोन्ही बॅटऱ्या सारख्याच उपाशी दिसल्या तर केबल बघा. मढच्या एका ओळखीच्या बोटीवर डायनामोच्या बोल्टवर २८.३ आणि बॅटरीच्या टर्मिनलवर २७.२ मिळाला, सव्वा नाही पण एक व्होल्ट वाटेतच खाल्ला होता, लग उघडली तर आत हिरवा चुरा. मीटरची टोकं बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यावर टेकवायची, क्लॅम्पवर नाही, कारण कित्येकदा चोर त्या दोघांच्या मधेच असतो. सेल्फ मारताना प्रत्येक बॅटरी ९.६ च्या खाली जाता कामा नये. सगळं बंद असताना काही खातंय का ते बघायला मायनस काढून मधे मीटर १० अँपिअरवर लावा, पण तेव्हा चुकून पण सेल्फ मारू नका, मीटर जाईल. ०.४ अँपिअर म्हणजे किरकोळ वाटतं पण दिवसाला जवळपास १० एएच झाले, दीडशेची बॅटरी पंधरा दिवसांत खल्लास. काकांचा ॲम्प्लिफायर बंद केला तरी ०.३ खात होता, त्याची चालू-बंदची वायर कोणीतरी सरळ प्लसला जोडून ठेवलेली.

बॅटरीच्या वरचं झाकण खारं आणि ॲसिडने ओलसर असेल तर तिथून पण गळती होते. मीटरचं एक टोक प्लसला आणि दुसरं नुसतं प्लास्टिकवर फिरवा, एक-दोन व्होल्ट दाखवेल, लोकांना जादू वाटते. सेलची झाकणं घट्ट लावून खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसा, मग गोड्या पाण्याने, मग कोरडं, आणि टर्मिनल आवळल्यावर वरून पेट्रोलियम जेली. आधी आवळायचं, मग जेली, उलटं नाही. सोडा आत एक थेंब जायला नको.

पावसाळ्याचं सांगतो कारण अर्ध्या बॅटऱ्या तिथेच मरतात. १ जून ते ३१ जुलै बंदी, ६१ दिवस बोट वर ओढलेली, आणि बॅटऱ्या बोटीतच, तशाच जोडलेल्या. ऑगस्टमधे सेल्फ बसतो आणि मग "गेल्या वर्षी तर चांगली होती". बॅटरी काहीही न करता पण उतरते, आपल्या उकाड्यात जास्तच, दर १० डिग्रीला वेग साधारण दुप्पट. बोट वर घेतली की दोन्ही काढा, पूर्ण चार्ज करून घरी ठेवा, आणि तीन-चार आठवड्यांनी एकदा प्रत्येकीला वेगळा चार्ज द्या. लादीवर ठेवली की उतरते असं आमची आजी पण सांगायची, लाकडी आणि रबरी खोक्यांच्या काळात त्यात तथ्य असेल, आजच्या प्लास्टिकच्या खोक्याला लादीने काही होत नाही. फळी ठेवली तर ॲसिड गळल्यास लादी वाचते, तेवढा फायदा.

सोलर लावणार असाल तर चांगलंच, पण २४ चा कंट्रोलर घ्या आणि दोन्हीच्या टोकांना जोडा, १२ चं पॅनेल एकाच बॅटरीवर लावलंत तर लाल वायरचाच उलटा अवतार. आणि लिथियमच्या नादात जुन्या डायनामोवर सरळ लिथियम ठोकू नका, ती एवढा करंट ओढते की डायनामो तापून जातो.

काम झाल्यावर इंजिन चालू ठेवून घेतलेलं रीडिंग वहीत आहे, चुलीकडची १४.१५, सुकाणूकडची १४.२. मधल्या केबलवर मी लाल टेप गुंडाळून मार्करने लिहिलं, "इथून काय घ्यायचं नाय." दोन पावसाळे गेले, दोन्ही सारखंच पाणी पितात.

मागच्या महिन्यात सहज खाली उतरलो तर टेपच्या खालून एक बारीक काळी वायर वर गेलेली. वर बघितलं तर बंकच्या उशाशी मोबाईल चार्जिंगला. खलाशी म्हणाला, "भाऊ, फक्त मोबाईलच हाय ना."